आधी वहाणा बघा, मग रीस्टार्ट मारा: लिनक्सच्या पडद्यामागच्या सेवा कशा हाताळायच्या

एप्रिलमध्ये आमच्याकडे कुणाला बोलायला फुरसत नसते. अशाच एका दुपारी गावातल्या आंबेवाल्या काकांचा फोन आला, "तीनदा बंद करून चालू केलंय, तरी छापणा नाय." शेडमध्ये हापूसच्या पेट्यांची थप्पी, दारात टेम्पो उभा आणि बिलं छापणारा प्रिंटर गप्प. त्यांच्या जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स मिंट ही संगणक चालवणारी प्रणाली मीच टाकून दिली होती, त्यामुळे आरोपीही मीच. मी पोचलो तेव्हा काका चौथ्यांदा बटण दाबून धरत होते.

बंद करून चालू करणं हा आपल्याकडचा सर्व रोगांवरचा काढा आहे. पंख्याला तोच, मोबाईललाही तोच. लिनक्सच्या डेस्कटॉपवर मात्र तो क्वचितच लागतो. अख्खा संगणक बंद न करता त्यातला नेमका एकच भाग थांबवून पुन्हा उठवता येतो, आणि त्याआधी तो भाग का रुसला हे त्यालाच विचारता येतं. हे विचारणं नवख्यांना जमावं म्हणून हा लेख. काकांच्या प्रिंटरचं काय झालं ते ओघात येईलच.

पडद्यामागे कोण असतं

तुम्ही ब्राउझर उघडता, खिडकी दिसते, बंद करता, जाते. पण वायफाय जोडून ठेवणारा, प्रिंटरची रांग सांभाळणारा, ब्लूटूथचा हेडफोन ओळखणारा, घड्याळ बरोबर ठेवणारा असे डझनावारी कार्यक्रम कुठलीही खिडकी न उघडता चालू असतात. त्यांना सेवा म्हणतात. जुन्या युनिक्सवाल्यांचा शब्द आहे डीमन. १९६३च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅकमधल्या लोकांनी तो भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलच्या विचारप्रयोगातल्या, पडद्याआड बसून रेणू निवडत राहणाऱ्या प्राण्यावरून घेतला. म्हणून कितीतरी सेवांच्या नावाच्या शेवटी 'डी' असतो: कप्सडी, ब्लूटूथडी, एसएसएचडी.

कोकणातल्या माणसाला ही कल्पना समजावून सांगायला मॅक्सवेल लागत नाही. आपल्याकडे राखणदार आहे, देवचार आहे. दिसत नाही, पण गावाच्या शिवेवर फिरतो. वेंगुर्ले तालुक्यात आरवलीच्या वेतोबाला लोक चामड्याच्या मोठमोठ्या वहाणा वाहतात. देव रात्री गावभर राखण करत फिरतो, म्हणून त्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. देव कुणाला दिसला नाही तरी चालतो, वहाणा दिसतात. लिनक्समधल्या प्रत्येक सेवेच्याही अशा वहाणा असतात, त्यांना लॉग म्हणतात. सेवा कुठे गेली, कुठे ठेचकाळली, सगळं त्यांच्यावर उमटतं. या लेखातली निम्मी कला त्या वहाणा वाचण्याची आहे.

या सगळ्या सेवांचा मुकादम म्हणजे सिस्टमडी. संगणक सुरू झाल्यावर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, पहिला कार्यक्रम म्हणून याला उठवतो, म्हणून त्याचा प्रक्रिया क्रमांक नेहमी १. लिनक्सची वेगवेगळी रूपं मिळतात, त्यांना वितरणं म्हणतात. हा मुकादम २०१० साली आला, त्या वितरणांपैकी फेडोराने २०११मध्ये स्वीकारला, डेबियन आणि उबुंटूने २०१५मध्ये. मिंट उबुंटूवरच उभं आहे, त्यामुळे तिथेही हाच. देवुआन, व्हॉइड अशा काही वितरणांनी सिस्टमडी मुद्दाम बाहेर ठेवलं आहे. तुम्ही ती वापरत असाल तर तुम्ही नवखे नाही, हा लेख इथेच सोडा.

आज्ञा लिहिण्याबद्दल एक सूचना

पुढे सगळ्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा लिहायच्या खिडकीत, त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायच्या. 'सिस्टमसीटीएल' म्हणजे एस-वाय-एस-टी-ई-एम आणि त्याला चिकटून सी-टी-एल, मध्ये जागा नाही. 'जर्नलसीटीएल' तसंच. 'सुडो' म्हणजे एस-यू-डी-ओ. आज्ञेआधी तो लावला की मालकाच्या हक्काने काम होतं आणि पासवर्ड विचारला जातो. पासवर्ड टाइप करताना काही वितरणांत पडद्यावर ठिपकेसुद्धा उमटत नाहीत, तेव्हा कीबोर्ड बिघडला असं समजू नका. लहान-मोठं अक्षर लिनक्सला वेगळं वाटतं. जिथे मोठं लागतं तिथे सांगेन.

पायरी पहिली: नेमकं कोण रुसलंय

सेवेचं नाव आणि आपण वापरतो ते नाव यांचा मेळ नेहमी बसत नाही. छपाईच्या सेवेचं नाव 'कप्स', सी-यू-पी-एस. ब्लूटूथचं 'ब्लूटूथ'च. वायफाय आणि तारेच्या जोडणीचं 'नेटवर्कमॅनेजर', सलग एक शब्द, आणि त्यात एन व एम ही दोन अक्षरं मोठी. हे दोन मोठे एन-एम विसरल्यामुळे 'अशी सेवाच नाही' असं उत्तर मिळतं आणि नवखा माणूस घाबरून अख्खी प्रणाली पुन्हा टाकायला निघतो. घड्याळाचं बहुतेक ठिकाणी 'सिस्टमडी-टाइमसिंकडी', फेडोरात 'क्रोनीडी'. आवाजाचं प्रकरण वेगळं आहे, ते पुढे.

नाव आठवत नसेल तर चालू असलेल्या सेवांची यादी मागवा:

सिस्टमसीटीएल लिस्ट-युनिट्स --टाइप=सर्व्हिस

यादी लांब येते. ती पानापानाने दिसते, खाली सरकायला स्पेस, बाहेर पडायला क्यू. या 'क्यू'पायी किती जण टर्मिनलची खिडकीच बंद करतात! त्याहून कामाची आज्ञा ही:

सिस्टमसीटीएल --फेल्ड

पडलेल्यांची हजेरी. खाली 'झिरो लोडेड युनिट्स लिस्टेड' आलं तर निदान सिस्टमडीच्या मते कुणी पडलेलं नाही. सिस्टमडीच्या मते, हे शब्द लक्षात ठेवा.

पायरी दुसरी: तब्येत विचारा

सिस्टमसीटीएल स्टेटस कप्स

वरच्या ओळीत नावाआधी एक ठिपका असतो. हिरवा म्हणजे चालू, लाल म्हणजे पडलेली, पांढरट म्हणजे थांबलेली. 'लोडेड' या ओळीत फाइल कुठे आहे आणि संगणक सुरू होताना सेवा आपोआप उठते का ते असतं, तिथे 'इनेबल्ड' किंवा 'डिसेबल्ड' दिसेल. 'ॲक्टिव्ह' ही ओळ खरी महत्त्वाची. तिथे ॲक्टिव्ह आणि कंसात रनिंग असेल तर चालू आहे. ॲक्टिव्ह आणि कंसात एक्झिटेड असेल तरी बिघाड नाही. काही सेवांचं काम एकदाच असतं, ते करून त्या बाजूला होतात. 'फेल्ड' म्हणजे सरळ पडली. 'ॲक्टिव्हेटिंग' आणि कंसात ऑटो-रीस्टार्ट म्हणजे पडतेय, उठतेय, पुन्हा पडतेय, झिंगलेल्या माणसासारखी.

इनॲक्टिव्ह आणि कंसात डेड हे वाचून कुणाचाही जीव दचकतो. पण काही सेवा गरज पडेपर्यंत झोपून राहतात. कप्ससाठी 'कप्स.सॉकेट' नावाचा एक पहारेकरी दारात बसलेला असू शकतो, कुणी छपाई मागितली की तो तिला हाक मारतो. स्टेटसमध्ये 'ट्रिगर्डबाय' अशी ओळ दिसली तर हेच चाललं आहे. झोपलेली सेवा मेलेली नसते.

सगळ्यात खाली शेवटच्या दहा ओळींचा लॉग. पुष्कळदा रोग तिथेच कळतो.

काकांच्या संगणकावर कप्सचा ठिपका हिरवागार होता. चालू, तब्येत ठणठणीत, कसली तक्रार नाही. म्हणजे तीनदा बंद करून चालू केल्याने जे मिळायचं ते आधीच मिळालेलं होतं, आणि प्रिंटर तरीही गप्प. हिरवा ठिपका एवढंच सांगतो की राखणदार जागा आहे. तो ज्या वाटेने जायचा ती वाट मोकळी आहे की नाही हे ठिपक्याला माहीत नसतं.

पायरी तिसरी: वहाणा वाचा

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण शिकणारे सगळ्यात जास्त घाई इथेच करतात.

जर्नलसीटीएल -यू कप्स -बी -ई

'-यू' म्हणजे अमुक सेवेचाच लॉग, '-बी' म्हणजे संगणक या वेळी सुरू झाल्यापासूनचा, '-ई' म्हणजे थेट शेवटच्या पानावर ने. सुडो लावलं नाही तर काही ओळी कदाचित दिसणार नाहीत, म्हणून शंका आली तर लावा. ओळी उजवीकडे कापलेल्या दिसतात, तेव्हा उजवा बाण दाबायचा. बिघाड नुकताच झाला असेल तर वेळ सांगून मागा:

जर्नलसीटीएल -यू कप्स --सिन्स "१० मिनिट्स अगो"

दहा हा आकडा आणि बाकीचे शब्द इंग्रजीतच, अवतरणचिन्हांसकट.

वाचायची रीत अशी. खालून वर जा. शेवटची ओरड सहसा परिणाम असतो, कारण नव्हे. घर पडल्यावर कौलं फुटली हे खरं, पण आधी वासा मोडला होता. म्हणून ज्या क्षणी बिघाड सुरू झाला तिथपर्यंत वर सरका आणि पहिली वेगळी वाटणारी ओळ शोधा. 'फेल्ड', 'डिनाइड', 'नॉट फाउंड', 'टाइम्ड आउट', 'रीड-ओन्ली', 'नो स्पेस लेफ्ट' या शब्दांवर डोळा ठेवा. गंभीर ओळीच हव्या असतील तर '-पी एरर', ज्यात एरर म्हणजे नुसतं ई-आर-आर.

दोन खिडक्यांची युक्ती फार कामाची. एका टर्मिनलमध्ये 'जर्नलसीटीएल -यू कप्स -एफ' चालू ठेवा. '-एफ'मुळे नवी ओळ आली की लगेच दिसते. दुसऱ्या खिडकीत प्रिंट द्या, किंवा रीस्टार्ट करा, आणि पहिलीत काय उमटतं ते बघत बसा. बाहेर पडायला कंट्रोल आणि सी.

पावसात लाईट जाऊन संगणक बंद पडला असेल तर आधीच्या खेपेचा लॉग लागतो. त्यासाठी '-बी -१'. उबुंटू, मिंट, फेडोरावर तो सहसा जपून ठेवलेला असतो, कारण /व्हार/लॉग/जर्नल हा फोल्डर तिथे आधीच असतो. तो नसेल तर लॉग फक्त मेमरीत राहतो आणि विजेबरोबर जातो. लाईट अचानक गेली की पुढच्या खेपेला लॉगमध्ये अशी ओळ दिसते की जर्नलची फाइल 'करप्टेड ऑर अनक्लीनली शट डाउन' आहे, तिचं नाव बदलून नवी घेतली. मिरगानंतर आमच्याकडे ही ओळ रोजची. घाबरू नका. जर्नल आपली जुनी वही बाजूला ठेवून नवी उघडतंय, एवढंच.

काही सेवा आपली वेगळी वही ठेवतात. कप्सची उबुंटू आणि मिंटवर /व्हार/लॉग/कप्स/ या फोल्डरात असते, 'एरर_लॉग' नावाने. काकांचा प्रश्न तिथे सुटू लागला. दर थोड्या वेळाने एकच रडगाणं: प्रिंटरशी जोडणी होत नाही, पुन्हा प्रयत्न करतो. मग मी विचारलं की कप्स प्रिंटरला शोधतोय कुठे:

एलपीस्टॅट -व्ही

उत्तरात पत्ता आला १९२.१६८.१.७. प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर त्याचा स्वतःचा पत्ता होता १९२.१६८.१.११. रात्री लाईट गेली होती. परत आल्यावर वायफायच्या राउटरने सगळ्यांना नव्याने पत्ते वाटले, प्रिंटरला दुसरं घर मिळालं, आणि कप्स बापडा जुन्या घराचं दार ठोठावत बसला होता. संगणक शंभरदा बंद-चालू केला असता तरी तो त्याच दारात गेला असता.

पायरी चौथी: आता रीस्टार्ट

कारण कळल्यावर, किंवा निदान लॉग वाचून झाल्यावर:

सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट ब्लूटूथ

आज्ञा काहीच न बोलता परत आली म्हणजे काम झालं. लिनक्स फार बोलत नाही. तरी लगेच पुन्हा स्टेटस बघा, कारण काही सेवा उठून पाच सेकंदांनी पडतात.

'रीस्टार्ट'ऐवजी कधी 'रीलोड' पुरतो. सेवा चालू ठेवून तिने आपली सेटिंगची फाइल पुन्हा वाचावी एवढंच हवं असेल तर तो. पण सगळ्याच सेवांना रीलोड येत नाही, नाही येत असं त्या सांगतात. 'स्टॉप' आणि 'स्टार्ट' ही रीस्टार्टचीच दोन पावलं. मधे काहीतरी साफ करायचं असेल तर ती वेगवेगळी घ्या. 'इनेबल' आणि 'डिसेबल' यांचा आत्ताच्या चालू-बंदशी संबंध नाही, पुढच्या वेळी संगणक सुरू होताना उठायचं का नाही एवढंच ते ठरवतात. इनेबल केलं तरी सेवा चालू का नाही, हा प्रश्न मला आजवर कितीदा विचारला गेला ते मोजलेलं नाही. दोन्ही एकदम हवं तर 'इनेबल --नाऊ'.

आता कशाला हात लावू नये ते. लॉगइनचा पडदा दाखवणारा 'डिस्प्ले-मॅनेजर', किंवा त्याचीच नावं 'जीडीएम' वा 'लाइटडीएम', रीस्टार्ट केलं की उघडलेल्या सगळ्या खिडक्या जातात, न साठवलेलं बिल-पत्र जातं. 'डीबस' तर मुळीच नको, सगळ्या सेवा एकमेकांशी त्याच्यावरून बोलतात, त्याला उचकटलं की डेस्कटॉप अर्धांगवायू झाल्यासारखा होतो. या दोघांसाठी मात्र काकांचाच मार्ग बरा: काम साठवा आणि संगणक रीतसर पुन्हा सुरू करा. आणि मुंबईत बसून गावच्या संगणकात दुरून शिरला असाल तर नेटवर्कमॅनेजरला हात लावण्याआधी दोनदा विचार करा. बसलेल्या फांदीवर कुऱ्हाड घालण्यातला प्रकार आहे. चुकलं तर पुढचं दुरुस्तीकाम थेट गणपतीला, चाकरमानी म्हणून घरी याल तेव्हाच.

आवाज गेला तर: तुमच्या नावाच्या सेवा

काही सेवा संगणकाच्या नसून तुमच्या असतात. तुम्ही लॉगइन केलं की उठतात. आवाजाचं सगळं खातं असंच आहे. फेडोरात २०२१पासून आणि उबुंटूत २०२२च्या २२.१० आवृत्तीपासून आवाज पाइपवायर नावाची सेवा सांभाळते. मुलाशी व्हिडिओ कॉल चालू असताना अचानक आवाज बंद झाला तर आधी साध्या गोष्टी बघा: आवाज म्यूट आहे का, आणि बाहेर पडायची वाट स्पीकरऐवजी एचडीएमआयला तर लागली नाही ना. ते ठीक असेल तर:

सिस्टमसीटीएल --यूजर रीस्टार्ट पाइपवायर पाइपवायर-पल्स वायरप्लंबर

इथे सुडो लावायचा नाही. सुडो लावला की तुम्ही मालकाच्या सेवा शोधता, स्वतःच्या नव्हे, आणि 'बसशी जोडता आलं नाही' असा गोंधळात टाकणारा निरोप मिळतो. या सेवांचा लॉगही 'जर्नलसीटीएल --यूजर -यू पाइपवायर' असा मागायचा. रीस्टार्टनंतर ब्राउझर एकदा बंद करून उघडावा लागू शकतो. मराठी टायपिंग मध्येच रुसलं, रोमनच उमटायला लागलं, तर बहुतेक डेस्कटॉपवर 'आयबस रीस्टार्ट' एवढंच पुरतं. आयबस म्हणजे आय-बी-यू-एस. मी हा लेख लिहिताना ते दोनदा केलं.

रीस्टार्ट टिकत नसेल तर

एकदा रीस्टार्ट करावा लागला तर योगायोग म्हणू. रोज करावा लागत असेल तर आपण औषध देत नाही आहोत, ताप मोजतो आहोत.

स्टेटसमध्ये 'कोड' आणि 'स्टेटस' असे शब्द दिसतात, त्यातले आकडे बोलके असतात. २०३ आणि पुढे एक्झेक म्हणजे जो कार्यक्रम चालवायचा तो जागेवर नाही किंवा चालवण्याची परवानगी त्याला नाही. स्वतः स्क्रिप्ट लिहून सेवा बनवणाऱ्यांना हाच आकडा पहिल्यांदा भेटतो. २१७ आणि यूजर म्हणजे ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालायचं तो अस्तित्वात नाही. 'सिग्नल' पुढे 'किल' दिसलं आणि तुम्ही स्वतः मारलेलं नसेल तर मेमरी संपून कर्नलने बळी घेतला असण्याची शक्यता मोठी. चार जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर वीस टॅब उघडले की असंच होतं. 'जर्नलसीटीएल -के -बी' हा कर्नलचा लॉग उघडा, एक तिरकी रेघ (/) मारून ओ-ओ-एम (आउट ऑफ मेमरी) टाइप करा आणि एंटर दाबा. सापडेल.

'स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली' असं दिसलं तर सिस्टमडीने हात जोडले आहेत. साधारणपणे दहा सेकंदांत पाच प्रयत्न झाले की तो पुढचे थांबवतो. कारण दूर केल्यावर 'सुडो सिस्टमसीटीएल रीसेट-फेल्ड' आणि सेवेचं नाव, मग स्टार्ट.

आता कोकणाची खास दुखणी. पहिलं, डिस्क भरणं. लग्नाचे आणि दशावताराचे व्हिडिओ साठत जातात, आणि एक दिवस चार-पाच सेवा एकदम पडतात. 'डीएफ -एच' मारा. मुख्य डिस्कपुढे शंभर टक्के दिसले तर कुठल्याही सेवेला दोष देऊ नका. तात्पुरती जागा करायला 'सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=२००एम' जुना लॉग छाटतो. दोनशे हा आकडा आणि एम इंग्रजीत, एम मोठा. ही फट झाली. खरी जागा व्हिडिओच देतील.

दुसरं जास्त गंभीर. लॉगमध्ये 'रीड-ओन्ली फाइल सिस्टम' दिसलं तर थांबा. लाईट धडाधड गेल्याने, किंवा जुनी डिस्क खारट दमट हवेत थकल्याने, फाइल प्रणालीत चूक सापडली की लिनक्स आणखी नुकसान होऊ नये म्हणून डिस्कवर लिहिणंच बंद करतं. मग प्रत्येक सेवा लिहायला जाते आणि आपटते. इथे रीस्टार्ट मारत बसणं म्हणजे बुडत्या होडीत सुकाणू रंगवणं. आधी महत्त्वाच्या फाइली पेनड्राइव्हवर घ्या, मग पेनड्राइव्हवरच्या लाइव्ह लिनक्सने संगणक सुरू करून डिस्क तपासा. तपासणीत चूक वारंवार निघाली तर डिस्क बदला, इथे काटकसर करू नका.

तिसरं, घड्याळ. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ नावाचा नाण्याएवढा सेल संपला की लाईट गेल्यावर तारीख मागे पडते. मग ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळावर प्रमाणपत्राची तक्रार करतो आणि लोक नेटवर्कमॅनेजरला झोडपतात. 'टाइमडेटसीटीएल' मारून तारीख बघा. लॉगमधल्या ओळींच्या वेळा मागेपुढे उड्या मारताना दिसल्या तरी संशय याच सेलवर घ्या. तो कुठल्याही घड्याळजीकडे मिळतो.

बंद होताना 'अ स्टॉप जॉब इज रनिंग' अशी ओळ आणि दीड मिनिटाचा आकडा दिसतो, तेही इथलंच दुखणं समजा, कारण त्या वेळी यूपीएस शिट्ट्या मारत असतो. सिस्टमडी सेवेला प्रेमाने थांबायला सांगतो, बहुतेक ठिकाणी नव्वद सेकंद वाट बघतो, मग मारतो. कोण अडून बसलं ते पुढच्या खेपेला 'जर्नलसीटीएल -बी -१ -ई' सांगेल, 'टाइम्ड आउट. किलिंग' अशी ओळ शोधा. त्या सेवेला थोडी कमी सवलत द्यायची तर 'सुडो सिस्टमसीटीएल एडिट' आणि नाव. उघडलेल्या फाइलमध्ये, वरच्या सूचनेत सांगितलेल्या जागी, चौकटी कंसात 'सर्व्हिस' आणि खाली 'टाइमआउटस्टॉपसेक=१५'. सर्व्हिसमधला एस मोठा, आणि टाइमआउटस्टॉपसेकमध्ये टी, एस, एस ही तीन अक्षरं मोठी. याच फाइलमध्ये 'रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर', ज्यात रीस्टार्टचा आर मोठा, लिहून पडलेली सेवा आपोआप उठवताही येते. मी मात्र ते फार जपून करतो. आपोआप उठणाऱ्या सेवेचं दुखणं महिनोन् महिने कुणाला कळत नाही. मूळ फाइल मात्र थेट कधी बदलू नका. 'एडिट' तुमचा बदल /ईटीसी खाली वेगळा ठेवतो, म्हणून अद्ययावत करताना तो पुसला जात नाही. तिथली फाइल हाताने बदललीच तर 'सुडो सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड' मारल्याशिवाय सिस्टमडीला पत्ता लागत नाही.

मदत मागायची तर गाऱ्हाणं नीट घाला

देवळात गाऱ्हाणं घालणारा कसा बोलतो ते आठवा. कुणाचं घर, कुठली वाडी, काय अडलं, काय हवं, सगळं स्पष्ट आणि क्रमाने, मग बाकीचे 'होय म्हाराजा' म्हणतात. 'माझा संगणक चालत नाही, अर्जंट' या गाऱ्हाण्याला होय म्हणायला कुणीच जागेवर नसतो. वितरणाचं नाव आणि आवृत्ती सांगा, 'कॅट /ईटीसी/ओएस-रिलीज' मारलं की मिळते. बिघाडाआधी काय केलं ते सांगा, अपडेट टाकलं, लाईट गेली, नवा राउटर लावला. आणि लॉग फाइलमध्ये काढून द्या:

जर्नलसीटीएल -यू कप्स -बी --नो-पेजर > कप्स.टीएक्सटी

व्हॉट्सॲपवर पडद्याचा तिरका फोटो पाठवू नका. त्यात ओळ अर्धी असते आणि नेमका कामाचा अर्धा भाग बाहेर राहतो. फाइल पाठवण्याआधी एकदा उघडून बघा, त्यात तुमचं नाव, वायफायचं नाव असं काही नको असेल तर पुसा.

काकांच्या प्रिंटरचं म्हणाल तर राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या प्रिंटरसाठी सातचा पत्ता कायमचा राखून ठेवला, म्हणजे लाईट कितीदाही गेली तरी तो त्याच घरी परततो. मग प्रिंटर बंद करून चालू केला, हो, तोच काढा, पण आता कारण माहीत होतं. एक गोष्ट मात्र विसरलो. छपाईची रांग डिस्कवर लिहिलेली असते, संगणक बंद केला तरी ती तशीच राहते, आणि जोडणी करण्याआधी 'कॅन्सल -ए' मारून ती रिकामी करायची होती. काकांनी सकाळपासून एकच बिल किती वेळा छापायला दिलं होतं ते प्रिंटरने आम्हाला एकेक करून दाखवलं. टेम्पोवाला बाहेरून हॉर्न वाजवत होता आणि आम्ही दोघं कागद गोळा करत होतो.